सूर्य मावळल्यानंतरचे बारा तास

सौर बंब घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक साधारण तीन गोष्टी विचारतं: किती लिटरचा, काचेच्या नळ्यांचा की पॅनेलचा, आणि बसवून केवढ्याला पडेल. टाकीभोवतीचा पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, थर किती जाड आहे, गरम पाण्याच्या पाइपवर काय चढवणार, टाकी पॅनेलच्या किती वर ठेवणार, हे सहसा कोणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र हेच प्रश्न आधी यायला हवेत, कारण आपल्या बहुतेक घरांत आंघोळी सकाळी होतात. पाणी दुपारी चारपर्यंत तापून तयार होतं आणि वापरलं जातं दुसऱ्या दिवशी पाच ते आठच्या दरम्यान. दिवाळीतलं अभ्यंगस्नान तर सूर्योदयाच्याही आधी. मधले तेरा ते सोळा तास ते पाणी गच्चीवर, उघड्या आकाशाखाली पडून असतं. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रात आकाश बहुधा निरभ्र असतं, दिवसभर चांगलं ऊन असतं आणि टाकी 60 अंशांपर्यंत सहज जाते. पाणी तापत नाही ही तक्रार हिवाळ्यात खरं म्हणजे फार थोड्या घरांची असते. तापलेलं पाणी सकाळपर्यंत टिकत नाही, ही खरी तक्रार.

ही अडचण सौर बंबाच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 साली ‘क्लायमॅक्स’ नावाच्या सौर बंबाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या पत्र्याच्या टाक्या, त्या काचेचं झाकण असलेल्या लाकडी खोक्यात ठेवलेल्या, एवढीच त्याची रचना. कॅलिफोर्नियात तो चांगला खपला. पण त्यात पाणी तापवणारी वस्तू आणि पाणी साठवणारी वस्तू एकच होती. दिवसा उन्हाला सामोरी असलेली तीच टाकी रात्री थंड आभाळाला सामोरी जायची आणि सकाळपर्यंत पाणी कोमट होऊन बसायचं. 1909 साली विल्यम बेली यांनी या दोन कामांची फारकत केली. पाणी तापवायला काचेखाली बारीक नळ्यांचं पॅनेल, आणि साठवायला त्याच्या वरच्या बाजूला उष्णतारोधक आवरणातली वेगळी टाकी. पाणी आपोआप फिरायचं, पंप लागायचा नाही. बेली यांनी या बंबाला नाव दिलं ‘डे अँड नाइट’. जाहिरातीचा सगळा भर ‘नाइट’वर होता आणि क्लायमॅक्सचा धंदा त्याने पार बसवला. आज पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर दिसणारा पॅनेलचा बंब हा त्या रचनेचाच वंशज आहे.

केम्प यांची रचना अजूनही आपल्या आसपास आहे. शेतघराच्या छपरावर काळा ड्रम किंवा काळ्या पाइपचं वेटोळं ठेवून पाणी तापवणारे पुष्कळ लोक आहेत. स्वस्त आहे, कामाचंही आहे. फक्त ते पाणी संध्याकाळीच वापरावं, किंवा सूर्य मावळायच्या आत झाकणाच्या, आवरणाच्या भांड्यात काढून ठेवावं. सकाळची आशा धरू नये.

आता थोडा हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय उष्णता नेमकी कुठून जाते ते कळत नाही. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 9.3 युनिट विजेएवढी उष्णता लागते. म्हणजे टाकीतलं पाणी एका अंशाने उतरलं की पाव युनिटला थोडी कमी एवढी उष्णता गेली. अशा टाकीचं बाहेरचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आसपास भरतं. त्यावर 50 मिलिमीटर जाडीचा पफचा थर अखंड आणि कोरडा असेल, आत 60 अंश आणि बाहेर 15 अंश असेल, तर टाकीतून सुमारे 47 वॉट उष्णता झिरपते. बारा तासांत अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. पाण्याचं तापमान त्यामुळे उतरेल जेमतेम अडीच अंश.

पण गच्चीवरच्या टाक्यांमध्ये सकाळी दहा-पंधरा अंशांची घट सर्रास दिसते. पंधरा अंश म्हणजे साडेतीन युनिट. चांगल्या टाकीच्या भिंतीतून एवढी उष्णता जाऊच शकत नाही. ती दुसऱ्या वाटांनी जाते, आणि प्रत्येक वाट शोधून बुजवता येते.

सगळ्यात मोठी वाट म्हणजे उलटा प्रवाह. दिवसा पॅनेलमधलं पाणी तापतं, हलकं होतं, वरच्या पाइपने टाकीत चढतं, आणि टाकीच्या तळाचं जड, गार पाणी खालच्या पाइपने पॅनेलच्या पायथ्याशी येतं. रात्री पॅनेल गार पडतं. टाकी पॅनेलच्या पुरेशी वर असेल तर गार पाणी खाली आणि गरम पाणी वर, अशी स्थिर मांडणी होते आणि काहीच हलत नाही. पण टाकी पॅनेलच्या बरोबरीला किंवा खाली बसवली असेल, तर पॅनेलमधलं गार पाणी आपल्या वजनाने खालच्या पाइपमधून टाकीत शिरतं, आणि त्याच्या जागी टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपने पॅनेलमध्ये ओढलं जातं. तिथे ते गार होतं, पुन्हा टाकीत जातं. दिवसा उष्णता गोळा करणारं पॅनेल रात्रभर ती आभाळात उधळत राहतं. पत्र्याच्या शेडवर उंची मिळत नाही म्हणून, किंवा टाकी उंच दिसते अशी सोसायटीची तक्रार आली म्हणून स्टँड कापला जातो, तिथे हमखास हे घडतं. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा निदान 30 सेंटिमीटर वर हवा. शक्य असेल तिथे अर्धा मीटर ठेवावा.

रात्री आभाळ किती ओढून घेतं याची कल्पना आपल्याला सहसा नसते. कोरड्या, निरभ्र रात्री आभाळाकडे तोंड केलेला पृष्ठभाग हवेपेक्षाही गार होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात पानांवरचं दव गोठून हिमकण होतात, ते बरेचदा हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही. पॅनेलची काच तशीच आभाळाकडे पाहत पडलेली असते. आतल्या तांब्याच्या पत्र्यावर जो खास काळा लेप असतो तो इथे थोडी मदत करतो. साधा काळा रंग ऊन जसं शोषतो तशीच उष्णता परत बाहेरही फेकतो. 1950च्या दशकात इस्रायलमध्ये हॅरी टेबर यांनी ऊन जवळजवळ सगळं शोषणारे पण उष्णता फार थोडी फेकणारे लेप तयार केले, आणि चांगल्या पॅनेलवर आज त्याच जातीचा लेप असतो. तरीही गरम पाणी रात्रभर पॅनेलमधून फिरत राहिलं तर कुठलाही लेप ते वाचवू शकत नाही.

उलटा प्रवाह ओळखायला उपकरण लागत नाही. रात्री दहा-अकराला गच्चीवर जाऊन पॅनेलच्या वरच्या कडेला, जिथून पाइप टाकीकडे निघतो तिथे, आवरणाखाली बोट घालून पाहावं. तिथे पाणी फिरत नसेल तर धातू थंडगार लागतो. ऊब लागली तर पाणी उलटं फिरतंय.

यावर प्लंबरचं ठरलेलं उत्तर असतं, ‘एनआरव्ही टाकून देतो.’ म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप. पंपावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रणेत ती हवीच. पण आपोआप फिरणाऱ्या घरगुती बंबात, पॅनेल आणि टाकी यांच्या मधल्या पाइपवर, स्प्रिंगची एनआरव्ही बसवणं म्हणजे दिवसाचं कामही बंद पाडणं. पाणी ढकलणारा जोर इथे किती असतो ते पाहा. 60 अंशांचं पाणी आणि 30 अंशांचं पाणी यांच्या घनतेत सव्वा टक्क्याचा फरक असतो. एक मीटर उंचीच्या स्तंभावर तो फरक भरतो सव्वा सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका. एवढ्या दाबाने साधी स्प्रिंगची झडप उघडतच नाही. मग दिवसभर पॅनेल उकळत बसतं, टाकी गार राहते, आणि दोष उन्हाला दिला जातो. इथे उपाय उंचीचाच. स्टँड वाढवायचा, किंवा पॅनेल खाली घ्यायचं.

काचेच्या नळ्यांच्या बंबात हा त्रास जवळजवळ नसतो, कारण टाकी नळ्यांच्या डोक्यावरच बसलेली असते आणि नळीतलं गार झालेलं पाणी नळीतच तळाशी राहतं. शिवाय नळीच्या दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते. जेम्स ड्यूअर यांनी 1892 साली अतिथंड द्रव साठवायला जे भांडं बनवलं, ज्याचा पुढे थर्मास झाला, तेच हे तत्त्व. पण निर्वात गेला तर नळीची ताकद गेली, आणि नळी फुटलेली नसताना ते कळणार कसं? नळीचं खालचं टोक पाहावं. तिथे आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा थर असून पोकळीत राहिलेले वायूचे कण धरून ठेवतो. निर्वात शाबूत असेल तोवर तो डाग चकाकतो. आत हवा शिरली की बेरियमचा हवेशी संयोग होऊन डाग पांढरा, दुधी होतो. वीस नळ्यांत दोन-तीन दुधी टोकं दिसली तर त्या बदलाव्यात. 58 मिलिमीटरच्या लांब नळीत अडीच लिटरच्या आसपास पाणी असतं आणि ते नळाला कधी येत नाही. नळी गार पडली की तेवढं पाणी रोज सकाळी नव्याने तापवायला ऊन खर्ची पडतं. नळी टाकीत शिरते तिथलं रबरी बूच आणि धूळरोधक कडीही बघावी. कडी निसटलेली असेल तर काचेचा उघडा गळा वाऱ्याला लागतो आणि पावसाचं पाणी थेट पफमध्ये उतरतं.

पावसाचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. टाकी बसते तेव्हा कोरडी असते, पण तिला दरवर्षी चार महिने पाऊस झेलायचा असतो. उष्णता अडवतो तो आवरणातल्या बारीक पोकळ्यांतला वायू. त्या पोकळ्यांत पाणी भरलं की खेळ उलटतो, कारण पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. भिजलेली गोधडी अंगावर घेऊन झोपावं तसं. जुन्या टाक्यांमधलं काचलोकर किंवा रॉकवूल तर पाणी शोषून खाली बसतं आणि टाकीचा वरचा भाग, म्हणजे सगळ्यात गरम पाणी असलेला भाग, उघडा पडतो. पफमध्ये बंद पेशी असतात म्हणून तो कमी भिजतो, पण पाइप आत शिरतात तिथल्या फटी, हीटरच्या झाकणाची कड आणि पत्र्याचा सांधा यांतून पाणी जातंच.

गळती शोधायची उत्तम वेळ म्हणजे थंडीतली दव पडलेली पहाट. टाकीचा बाहेरचा पत्रा दवाने सारखा भिजलेला दिसला तर आवरण ठीक आहे. मध्येच एखादा पट्टा कोरडा असेल, तर तिथून उष्णता बाहेर येते आणि दव धरू देत नाही. हे कोरडे डाग बहुतेक ठरावीक ठिकाणी असतात: हीटर बसवलेली गोल चकती, टाकीचे पाय जिथे जोडले आहेत ती जागा, आणि गरम पाणी बाहेर पडतं तो तोटीचा भाग. हीटरच्या चकतीवर नुसता पातळ डबा असतो. त्याखाली, विजेची जोडणी मोकळी आणि कोरडी ठेवून, रॉकवूलची गादी बसवून घेतली तर बराच फरक पडतो. काम मात्र वीज बंद करून, जाणत्या माणसाकडून. आणि पावसाळ्याआधी सगळ्या फटींना सिलिकॉन सीलंट भरून घ्यावं. एक तासाचं काम आहे.

आता पाइप. 20 मिलिमीटरच्या उघड्या लोखंडी पाइपमध्ये 60 अंशांचं पाणी राहिलं आणि गच्चीवर गार वारा असला, तर दर मीटरमागे 45 वॉटच्या आसपास उष्णता जाते. वरचा टाकीचा हिशेब आठवा. अख्खी 200 लिटरची टाकी जेवढी उष्णता गमावते तेवढी एक मीटर उघडा पाइप गमावतो. वाऱ्याचा परिणामही पाइपवरच जास्त. टाकीवर पफ असतो, वारा बाहेरून कितीही घासला तरी आतली उष्णता त्या थरातूनच यावी लागते. उघड्या पाइपला वारा थेट लागतो.

म्हणून टाकीच्या तोटीपासूनचे पहिले एक-दोन मीटर फार महत्त्वाचे. तोटीतून पाइप सरळ वर गेला तर त्या एकाच पाइपमध्ये गरम पाणी मधून चढतं आणि गार झालेलं कडेने उतरतं, रात्रभर. पाइप तोटीतून निघाल्याबरोबर खाली वळवला की हे थांबतं. थंड पाण्याच्या पाइपचंही तसंच. तो टाकीच्या तळाशी शिरण्याआधी खाली वाकवून यू-आकाराचा केला की टाकीतली उष्णता त्यातून मागे सरकत नाही. हवेच्या पाइपचा, म्हणजे व्हेंटचा, अपवाद. तो वरच जातो आणि जायलाच हवा. त्यातून वाफ दिसते म्हणून तोंडाला बूच मारणारे लोक आहेत. ते कधीही करू नये, टाकी फुगण्याची किंवा पिचकण्याची पाळी येते. त्याच्या खालच्या हात-दीड हात लांबीवर आवरण घालावं, एवढंच.

पाइपवर काळ्या नायट्राइल रबराची नळी चढवतात. ती चांगली, पण उघड्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते आणि तुकडे पडू लागतात. कावळे आणि खारी ते तुकडे घरट्यांसाठी ओढून नेतात. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा निदान उन्हाला टिकणारी टेप हवी. भिंतीत गेलेल्या पाइपला प्लास्टरआधीच आवरण घालावं लागतं, ते घर बांधताना सांगितलं नाही तर पुढे कधीच होत नाही.

गच्चीपासून स्नानघरापर्यंत वीस मीटर पाइप असेल तर त्यात सहा लिटर पाणी मावतं. रात्रीतून ते गार होणारच, कितीही आवरण घाला. सकाळी ‘आधी गार येतं’ ही तक्रार त्या सहा लिटरची असते, टाकीची नसते. ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरावं आणि मग टाकीचं तापमान ठरवावं.

एक वाट घरातच असते, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पुढे हँड-शॉवरचं बटण फक्त बंद केलं, तर गरम आणि गार पाइप मिक्सरच्या पोटात जोडलेले राहतात. गार पाण्याच्या बाजूला प्रेशर पंप असेल तर गार पाणी गरम पाइपमधून उलटं चढत टाकीत जातं. रात्री गच्चीवर व्हेंटमधून पाणी ठिबकत असेल तर आधी हाच संशय घ्यावा. इथे, मिक्सरच्या गरम बाजूला, एनआरव्ही बसवणं अगदी योग्य आहे.

या सगळ्यात दोष कशाचा हे ठरवायला एक सोपी चाचणी. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर टाकीजवळच्या नळातून आधी पाइपमधलं पाणी जाऊ द्यावं, मग मगभर घेऊन तापमान पाहावं. रात्री गरम पाणी कोणी वापरायचं नाही. पहाटे सूर्य उगवण्याआधी पुन्हा तसंच. फरक पाच अंशांच्या आत असेल तर टाकी निर्दोष आहे, पाइपकडे आणि घराकडे बघा. दहाच्या वर गेला तर उलटा प्रवाह किंवा भिजलेलं आवरण. पाणी 60 अंशांचं असतं हे विसरू नये, हातावर सांडलं तर भाजतं.

टाकीतला विजेचा हीटर ‘असू दे, सकाळी गरम मिळेल’ म्हणून रात्रभर चालू ठेवणं म्हणजे गळतीचं बिल स्वतः भरणं. दोन किलोवॉटचा हीटर 200 लिटर पाणी तासाला आठ-साडेआठ अंशांनी तापवतो. ढगाळ दिवसानंतर पहाटे साडेचारला टायमरने चालू करावा आणि आंघोळी उरकताच बंद. नंतर चालू राहिला तर टाकीत नव्याने आलेलं गार पाणी तो आठ वाजताच तापवतो, आणि दिवसभराच्या उन्हाला करायला काही उरत नाही.

मोठ्या इमारतीत सामाईक यंत्रणा असते आणि प्रत्येक मजल्यावर लगेच गरम पाणी मिळावं म्हणून पंप गरम पाणी पाइपच्या वेढ्यातून सतत फिरवत ठेवतो. शंभर मीटरचा वेढा, वर चांगलं आवरण, तरी बारा तासांत दहा युनिट उष्णता भिंतींत जाते. आवरण नसेल तर पन्नासच्या वर. हा पंप रात्री चालायचं काही कारण नाही. रात्री दहाला बंद, पहाटे पाचला चालू, सकाळी नऊला पुन्हा बंद, अशा टायमरवर तो टाकावा. परतीच्या पाइपवर तापमान पाहणारा स्विच बसवला तर सकाळच्या तासांतही वेढा तापल्यावर पंप आपणहून थांबतो. पॅनेलकडे पाणी ढकलणारा पंप वेगळा असतो. तो पॅनेल आणि टाकी यांच्या तापमानांची तुलना करून चालतो, आणि त्याचा सेन्सर बिघडला तर तो मध्यरात्रीही पाणी थंड पॅनेलमधून फिरवू लागतो. वॉचमनला एवढंच सांगून ठेवावं, की अंधार पडल्यावर गच्चीवरचा पंप चालताना ऐकू आला तर लगेच कळव.